लॅपटॉपची मेमरी वाढवावी की लॅपटॉपच बदलावा?

मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज १० या संगणक प्रणालीला दिला जाणारा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबविला. पाच-सात वर्षांपूर्वी घेतलेला आणि आधीच मंदावलेला लॅपटॉप आता मोडीत काढावा, की थोडा खर्च करून तो पुन्हा कामाजोगा करून घ्यावा, हा प्रश्न त्यानंतर अनेक घरांत आणि छोट्या कार्यालयांत उपस्थित झाला. अशा वेळी ‘थोडी रॅम वाढवून घ्या’ हा सल्ला हमखास मिळतो. हा सल्ला पुष्कळदा योग्य असतो. परंतु २०२५ च्या उत्तरार्धात मेमरी चिपांचे भाव जगभर झपाट्याने चढले आणि त्यामुळे एकेकाळी किरकोळ वाटणारा हा खर्च आता विचारपूर्वक करण्याचा झाला आहे. शिवाय आज वापरात असलेल्या कित्येक लॅपटॉपमध्ये मेमरी वाढविण्याची सोयच ठेवलेली नसते. दुकानाची पायरी चढण्यापूर्वी घरीच कोणत्या गोष्टी तपासता येतात आणि त्यामागील तांत्रिक कारणे कोणती, याची माहिती येथे दिली आहे.

प्रथम शब्दांचा घोळ दूर करणे आवश्यक आहे. व्यवहारात ‘मेमरी’ हा शब्द दोन निरनिराळ्या गोष्टींसाठी वापरला जातो. मोबाइल विक्रेता ‘१२८ जीबी मेमरी’ म्हणतो, तेव्हा त्याला छायाचित्रे आणि चित्रफिती साठविण्याची जागा अभिप्रेत असते. लॅपटॉपच्या संदर्भात मात्र मेमरी म्हणजे रॅम, अर्थात काम चालू असताना लागणारी तात्पुरती स्मृती. मराठी परिभाषेत ‘स्मृती’ आणि ‘साठवण’ असे दोन स्वच्छ शब्द उपलब्ध आहेत आणि हा भेद त्यांतून अधिक चांगला कळतो. तथापि, दुकानात जाऊन ‘स्मृती वाढवून द्या’ असे म्हटल्यास दुकानदार वैद्यांचा पत्ता देण्याचीच शक्यता अधिक. म्हणून पुढे मेमरी आणि रॅम हेच शब्द योजले आहेत.

ओटा आणि फडताळ

या दोहोंतील नाते स्वयंपाकघराच्या उदाहरणाने समजू शकेल. फडताळात वर्षभराचे सामान असते, पण चिरणे, मळणे, वाटणे ओट्यावरच होते. ओटा लहान असेल तर प्रत्येक वेळी एक डबा परत ठेवून दुसरा काढावा लागतो आणि स्वयंपाकापेक्षा येरझाऱ्यांतच वेळ जातो. रॅम हा संगणकाचा ओटा होय. ती भरली की प्रणाली तिच्यातील काही मजकूर डिस्कवर नेऊन ठेवते आणि गरज पडताच परत आणते. लॅपटॉप ‘अडकतो’ असे आपण म्हणतो, तेव्हा बहुधा ही ने-आण चालू असते.

ही ने-आण किती महाग पडते, हे आकड्यांवरून कळते. रॅममधील माहिती प्रोसेसरला सुमारे १०० नॅनोसेकंदांत मिळते. एसएसडी प्रकारच्या साठवणीतून ती आणण्यास ढोबळमानाने हजारपट आणि फिरत्या तबकडीच्या जुन्या हार्ड डिस्कमधून आणण्यास सुमारे लाखपट वेळ लागतो. रॅममधून माहिती मिळण्यास एक सेकंद लागतो असे मानले, तर तीच माहिती एसएसडीमधून येण्यास पाव तासाहून अधिक वेळ आणि हार्ड डिस्कमधून येण्यास एक संपूर्ण दिवस व वर काही तास लागतील. मेमरी अपुरी असण्याचा जाच जुन्या हार्ड डिस्कच्या लॅपटॉपवर इतका असह्य का होतो, याचे उत्तर या हिशेबात आहे.

रॅमची मूळ कल्पना सहा दशकांची आहे. आयबीएम कंपनीतील अभियंते रॉबर्ट डेनार्ड यांना १९६८ मध्ये तिचे पेटंट मिळाले. एक ट्रान्झिस्टर आणि विद्युतभार साठविणारा एक सूक्ष्म कपॅसिटर, एवढ्यावर माहितीचा एक बिट धरून ठेवण्याची ती युक्ती होती. इंटेलने १९७० मध्ये आणलेल्या ११०३ या चिपमुळे अशा मेमरीचा व्यापारी वापर रुळला. त्या कपॅसिटरमधील भार सतत गळत असतो आणि म्हणून प्रत्येक कप्पा साधारणतः दर ६४ मिलिसेकंदांच्या आत पुन्हा भरावा लागतो. वीज गेली की सारे पुसले जाते, त्याचे कारण हेच. आज लॅपटॉपमध्ये बसणाऱ्या १६ जीबीच्या पट्टीत असे हजारो कोटी कप्पे असतात.

गरज कशी वाढत गेली, हे प्रणालींच्या किमान अटींवरून दिसते. २००१ मधील विंडोज एक्सपीला ६४ एमबी मेमरी पुरत असे. २०२१ मध्ये आलेल्या विंडोज ११ साठी किमान ४ जीबीची अट घालण्यात आली. म्हणजे २० वर्षांत ६४ पट वाढ. २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टने ‘कोपायलट प्लस’ या नावाने जे लॅपटॉप पुढे आणले, त्यांच्यासाठी तर किमान १६ जीबीची अट आहे. किमान अट म्हणजे सुखाने काम होण्याची हमी नव्हे, हेही येथे सांगितले पाहिजे. ४ जीबीवर विंडोज ११ सुरू होते. परंतु त्यावर ब्राउझरची दहा पाने, एक वर्ग किंवा बैठकीचा व्हिडिओ आणि एक एक्सेल एकत्र चालविणे हा संयमाच्या परीक्षेचा विषय ठरतो. ब्राउझर आता सुरक्षिततेसाठी बहुतेक पाने वेगवेगळ्या प्रक्रियांत चालवितात. त्यामुळे एक पान बिघडले तरी बाकीची तगतात, पण मेमरी अधिक खर्ची पडते. स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड नसलेल्या लॅपटॉपमध्ये पडद्यावरील चित्रासाठीही याच मेमरीतून वाटा काढला जातो. खोक्यावर ८ जीबी लिहिलेले असताना प्रणाली त्याहून कमी दाखविते, त्यामागे अनेकदा हा वाटा असतो.

दोष मेमरीचाच आहे का?

लॅपटॉप मंद होण्याची कारणे अनेक असतात आणि मेमरी हे त्यांतील केवळ एक. निदान आधी आणि औषध नंतर, हा क्रम येथेही पाळावा. विंडोज वापरणाऱ्यांनी कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकत्र दाबल्यास टास्क मॅनेजर उघडतो. त्यातील ‘परफॉर्मन्स’ या भागात मेमरी आणि डिस्क यांचे आलेख दिसतात. नेहमीची सर्व कामे उघडून ठेवावीत, अर्धा तास काम करावे आणि मग हे आलेख पाहावेत. संगणक नुकताच सुरू केला असता पाहिलेल्या आकड्याला फारसा अर्थ नसतो.

मेमरी ६० ते ७० टक्के भरलेली दिसली म्हणून घाबरण्याचे कारण नाही. रिकामी पडलेली रॅम निरुपयोगी असल्याने प्रणाली पुढे लागू शकेल असा मजकूर तिच्यात आधीच आणून ठेवते आणि गरज पडताच ती जागा मोकळी करते. मात्र आकडा सतत ९० टक्क्यांच्या आसपास असेल आणि त्याच वेळी एका खिडकीतून दुसरीत जाताना डिस्कचा आलेख उसळत असेल, तर ओटा अपुरा पडतो आहे, असे समजावे. याउलट मेमरी निम्मी रिकामी असूनही डिस्क शंभर टक्के व्यग्र असेल, तर रॅमवर केलेला खर्च वाया जाईल. लॅपटॉपमध्ये अद्याप फिरती हार्ड डिस्क असल्यास, माझ्या मते, पैसा प्रथम एसएसडीवर खर्च करावा. मेमरीचा विचार त्यानंतर. पंख्यात धूळ साचून प्रोसेसर तापत असेल, तर दोन्ही खर्चांनी फरक पडणार नाही. तेथे साफसफाईच हवी.

आणखी एक मर्यादा ध्यानात घ्यावी. विंडोज ११ साठी प्रोसेसरचीही अट आहे. इंटेलच्या बाबतीत, मोजके अपवाद वगळता, आठव्या पिढीपासूनचे प्रोसेसर अधिकृतपणे चालतात. त्याआधीच्या लॅपटॉपमध्ये ३२ जीबी रॅम बसविली तरी ही अट शिथिल होत नाही. अशा यंत्रांना लिनक्सवर आधारित प्रणालींचा पर्याय उरतो; भारतात सी-डॅक या संस्थेने विकसित केलेली ‘बॉस’ ही त्यांपैकीच एक. जुन्या काळातील काही लॅपटॉपमध्ये विंडोजची ३२ बिट आवृत्ती असते. तिला सुमारे ४ जीबीच्या पलीकडील मेमरी वापरता येत नाही, कारण ३२ बिटांत मांडता येणारे पत्ते ४२९ कोटी ४९ लाख ६७ हजार २९६ इतकेच आहेत. तेथे आधी ६४ बिट प्रणाली घालावी लागते.

तीन भावंडांची गोष्ट

मेमरी वाढविता येईल की नाही, हे लॅपटॉपच्या वयावरून किंवा किमतीवरून ठरविता येत नाही. याचे बोलके उदाहरण लेनोवो कंपनीच्या थिंकपॅड मालिकेत सापडते. २०१८ मध्ये या मालिकेत टी४८०, टी४८०एस आणि एक्स१ कार्बनची सहावी आवृत्ती, असे तीन लॅपटॉप बाजारात आले. टी४८० मध्ये मेमरीच्या पट्ट्यांसाठी दोन मोकळे स्लॉट आहेत. टी४८०एस किंचित सडपातळ. त्यात काही मेमरी मदरबोर्डवर कायमची झाळलेली असून एकच स्लॉट ठेवला आहे. एक्स१ कार्बन सर्वांत हलका आणि महागडा. त्यात सगळी मेमरी झाळलेली आहे, स्लॉट एकही नाही. म्हणजे ज्याने अधिक पैसे मोजले, त्याच्याच हातून पुढे मेमरी वाढविण्याची संधी गेली. मोठ्या कंपन्यांच्या वापरातून बाहेर पडलेले असे लॅपटॉप जुन्या संगणकांच्या बाजारात विकले जातात. तेथे नावातील एका ‘एस’ अक्षराकडे दुर्लक्ष झाल्यास पुढे पस्तावण्याची वेळ येते.

आपल्या यंत्रात काय आहे, हे टास्क मॅनेजरमध्येच बऱ्याच अंशी कळते. मेमरीच्या आलेखाखाली वेग, वापरात असलेले स्लॉट आणि ‘फॉर्म फॅक्टर’ अशा नोंदी असतात. तेथे ‘एसओ-डिम’ असे लिहिले असल्यास काढता-घालता येणारी पट्टी आहे. ‘रो ऑफ चिप्स’ असे लिहिले असल्यास मेमरी सहसा झाळलेली असते; मग स्लॉटच्या नोंदीत कितीही मोठा आकडा असला तरी त्यावर विसंबू नये. अंतिम प्रमाण मात्र त्या विशिष्ट मॉडेलच्या देखभाल पुस्तिकेचे. ही पुस्तिका अनेक उत्पादक आपल्या संकेतस्थळावर विनामूल्य देतात. मॉडेलचे पूर्ण नाव लॅपटॉपच्या पाठीवरील लेबलवर असते, झाकणावर छापलेले मालिकेचे नाव पुरेसे नसते.

मेमरी झाळण्याची प्रथा नवी नाही. ॲपलने २००८ मध्ये आणलेल्या मॅकबुक एअरमध्ये आणि २०१२ मधील रेटिना पडद्याच्या मॅकबुक प्रोमध्ये ती होती. २०२० मध्ये एम१ प्रोसेसरसह मेमरी थेट प्रोसेसरच्या शेजारी, एकाच पुठ्ठीवर आली. इंटेलनेही २०२४ मध्ये ‘लुनार लेक’ या प्रोसेसरांत तशीच रचना केली. हा केवळ ग्राहकाला बांधून ठेवण्याचा डाव आहे, असे म्हणणे एकांगी ठरेल. कमी वीज खाणारी एलपीडीडीआर प्रकारची मेमरी प्रोसेसरपासून अगदी जवळ असावी लागते. पट्टी आणि स्लॉट मध्ये आले की संदेशांचा मार्ग लांबतो व वेग राखणे कठीण होते. बॅटरी दिवसभर टिकणे आणि लॅपटॉप वहीसारखा पातळ होणे, हे लाभ त्यातून मिळाले आहेत. परंतु तीन वर्षांनी किती मेमरी लागेल याचा अंदाज खरेदीच्याच दिवशी बांधावा लागतो आणि अधिक मेमरीसाठी उत्पादक मागेल तीच किंमत द्यावी लागते, ही त्याची दुसरी बाजू होय.

या प्रवाहाला उलट दिशाही दिसू लागली आहे. फ्रेमवर्क या कंपनीने २०२१ मध्ये दुरुस्तीयोग्यता हेच वैशिष्ट्य असलेला लॅपटॉप आणला. डेल कंपनीने २०२२ मध्ये पातळ आणि स्क्रूने बसविता येणारी नव्या धाटणीची मेमरी वापरली. तिच्यावरून पुढे विकसित झालेले ‘कॅम२’ हे मानक जेडेक या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेने डिसेंबर २०२३ मध्ये प्रसिद्ध केले. २०२४ मधील थिंकपॅड टी१४ च्या पाचव्या आवृत्तीत दोन स्लॉट परत आले आणि दुरुस्तीयोग्यता तपासणाऱ्या आयफिक्सिटने तिला १० पैकी ९ गुण दिले. भारतातही ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासंबंधी समिती नेमली आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, दुरुस्तीची माहिती एकत्र देणारे पोर्टल सुरू झाले.

पट्टी निवडताना

लॅपटॉपमध्ये बसणारी एसओ-डिम पट्टी सुमारे ७० मिलिमीटर लांब, म्हणजे मेजावरच्या संगणकातील पट्टीच्या जवळपास निम्मी असते. तिच्या पिढ्या परस्परांत चालत नाहीत. डीडीआर३ च्या पट्टीला २०४, डीडीआर४ ला २६० आणि डीडीआर५ ला २६२ संपर्कबिंदू असतात. चुकीची पट्टी बसूच नये म्हणून कडेची खाच प्रत्येक पिढीत वेगळ्या ठिकाणी कापलेली असते. बसत नाही म्हणून जोर लावणाऱ्या हातांना ही खाच दिसत नाही आणि स्लॉट तुटतो. स्लॉट तुटणे म्हणजे मदरबोर्डचा खर्च.

डीडीआर३ च्या काळात आणखी एक बारीक भेद होता. मूळ डीडीआर३ ला १.५ व्होल्ट लागत, तर डीडीआर३एल १.३५ व्होल्टवर चालते. खाच दोहोंची सारखीच असल्याने पट्टी बसते, पण केवळ कमी व्होल्टचे लॅपटॉप जुन्या पट्टीवर सुरू होत नाहीत. २०१३ नंतरच्या बहुतेक लॅपटॉपना ‘एल’ हवा, हे ग्राहकाने दुकानदाराला आवर्जून सांगावे.

वेगाच्या आकड्यांची मात्र अवाजवी धास्ती बाळगू नये. २४०० आणि ३२०० या वेगांच्या दोन डीडीआर४ पट्ट्या एकत्र बसविल्यास सामान्यतः दोन्ही कमी वेगाने चालतात. जास्त वेगाची पट्टी जुन्या प्रोसेसरच्या मर्यादेपर्यंत खाली येते. त्यामुळे तिच्यासाठी जादा पैसे देण्यात अर्थ नसतो. याहून महत्त्वाची बाब म्हणजे जोडी. एकच १६ जीबीची पट्टी आणि ८ जीबीच्या दोन पट्ट्या यांची बेरीज समान असली, तरी दोन पट्ट्यांशी प्रोसेसर दोन वाटांनी एकाच वेळी देवाणघेवाण करू शकतो. ग्राफिक्ससाठी हीच मेमरी वापरणाऱ्या लॅपटॉपमध्ये हा फरक चित्रफिती आणि खेळांत जाणवतो. एका स्लॉटमध्ये ८ जीबी असेल आणि दुसरा रिकामा असेल, तर तितक्याच क्षमतेची आणखी एक पट्टी घेणे हा सर्वांत सरळ मार्ग.

किती मेमरी पुरेल? ४ वरून ८ जीबीवर जाताना पडणारा फरक कोणालाही जाणवतो. ८ वरून १६ वर जाण्याचा लाभ अनेक पाने उघडी ठेवून काम करणाऱ्यांना, प्रोग्रामिंग शिकणाऱ्यांना आणि मोठी छायाचित्रे हाताळणाऱ्यांना होतो. पत्रव्यवहार, बँकेची कामे, मुलांचे ऑनलाइन वर्ग आणि बातम्या वाचणे एवढ्यासाठी १६ च्या पुढे जाण्याची आवश्यकता नाही. अधिक मेमरी म्हणजे अधिक वेग, हे समीकरण खरे नाही. पुरेशा ओट्याच्या शेजारी आणखी एक ओटा बांधल्याने भाजी लवकर शिजत नाही.

भाव का चढले?

जगातील बहुतांश डीरॅम चिपा सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीन कंपन्या बनवितात. कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी उभारल्या जाणाऱ्या डेटा सेंटरना एचबीएम नावाची, थरांवर थर रचलेली विशेष मेमरी मोठ्या प्रमाणावर लागते आणि तिच्यात नफाही अधिक असतो. कारखान्यांची क्षमता तिकडे वळल्याने सामान्य लॅपटॉपच्या मेमरीचा पुरवठा आकसला. जुन्या डीडीआर४ चे उत्पादन आवरते घेतले जात असल्याने तिलाही झळ बसली. २०२५ च्या मध्यास काही काळ तर घाऊक बाजारात जुनी डीडीआर४ नव्या डीडीआर५ पेक्षा महाग झाली होती. ३ डिसेंबर २०२५ रोजी मायक्रॉनने ‘क्रुशियल’ या नावाने सामान्य ग्राहकांना मेमरी विकण्याच्या व्यवसायातून बाहेर पडण्याचा निर्णय जाहीर केला. घरी स्वतः रॅम बदलणाऱ्यांच्या ओळखीचे हे नाव होते. गुजरातेतील साणंद येथे याच कंपनीच्या प्रकल्पाचे भूमिपूजन सप्टेंबर २०२३ मध्ये झाले. तथापि तो प्रकल्प चिपांची जुळणी आणि चाचणी करण्यासाठी आहे, सिलिकॉनच्या चकत्या घडविण्यासाठी नाही, त्यामुळे येथील किरकोळ भाव जागतिक बाजारावरच अवलंबून राहतात.

अशा परिस्थितीत जुन्या लॅपटॉपमधून काढलेल्या पट्ट्या हा विचार करण्याजोगा पर्याय आहे. रॅममध्ये हलणारा भाग नसतो आणि लिहून लिहून ती झिजत नाही. दिल्लीचे नेहरू प्लेस, मुंबईचा लॅमिंग्टन रोड म्हणजेच डॉ. भडकमकर मार्ग, बेंगळुरूचा एस. पी. रोड, चेन्नईची रिची स्ट्रीट किंवा सिकंदराबादचे चेनॉय ट्रेड सेंटर, येथे अशा पट्ट्या मिळतात. जुनी पट्टी घेताना बिल, बदलून देण्याची लेखी मुदत आणि शक्य असल्यास तेथेच लॅपटॉप सुरू करून खातरजमा, या तीन गोष्टींचा आग्रह धरावा. लॅपटॉपचे हमीपत्र अद्याप चालू असेल, तर पाठ उघडल्याने हमी बाधित होते का, हे उत्पादकाच्या अटींत आधी पाहावे. मेमरी ग्राहकाने स्वतः बदलण्यास काही उत्पादक मुभा देतात, तर काही सेवा केंद्राकडेच पाठवितात.

प्रत्यक्ष बसविताना

काम पंधरा मिनिटांचे आहे, पण घाईचे नाही. लॅपटॉप झोपविलेल्या अवस्थेत नव्हे, तर पूर्ण बंद करावा, चार्जर काढावा आणि बाहेरची बॅटरी असल्यास तीही काढावी. आत बसविलेली बॅटरी असल्यास ती पाठ उघडताच प्रथम मदरबोर्डपासून सोडवावी. वर उल्लेखिलेल्या टी४८० मध्ये दोन बॅटऱ्या असतात. बाहेरची काढता येते आणि आतली बायोसमधील पर्यायाने तात्पुरती बंद करता येते. त्यानंतर सुरू करण्याची कळ काही सेकंद दाबून धरावी, म्हणजे उरलेला विद्युतभार निघून जातो.

अंगावरील स्थिर विद्युत हा या कामातील खरा शत्रू. माणसाला ठिणगीचा चटका जाणवण्यासाठी सुमारे ३ हजार व्होल्ट लागतात, पण चिप त्याहून पुष्कळ कमी व्होल्टवर निकामी होऊ शकते आणि आपल्याला कळतही नाही. उत्तरेकडील कोरड्या थंडीत लोकरीचा स्वेटर घालून हे काम करू नये. कोकणातील दमट हवेत धोका कमी असतो, इतकेच. आधी एखाद्या मोठ्या धातूच्या वस्तूला हात लावावा, पट्टी नेहमी कडांना धरावी आणि सोनेरी संपर्कबिंदूंना बोट लावू नये. हे बिंदू शाळेच्या खोडरबराने घासण्याची आपल्याकडील कारागिरांची जुनी सवय आहे. तिने कधी कधी बंद संगणक सुरू होतो हे खरे, पण रबराचे कण मागे राहतात आणि सोन्याचा पातळ मुलामा झिजतो. आयसोप्रोपिल अल्कोहोलचा बोळा अधिक सुरक्षित.

पट्टी स्लॉटमध्ये साधारण ३० अंशांच्या कलाने, खाच जुळवून, सोनेरी बिंदू जवळजवळ दिसेनासे होईपर्यंत सरकवावी आणि मग हलकेच खाली दाबावी. दोन्ही बाजूंच्या पकडी आपोआप ‘टक्’ असा आवाज करून बसतात. एकच बाजू बसली, तर पट्टी काढून पुन्हा घालावी. पहिल्यांदा सुरू करताना पडदा काही काळ काळाच राहू शकतो. यंत्र नव्या मेमरीशी वेळेचे गणित जुळवीत असते आणि डीडीआर५ मध्ये याला काही मिनिटेही लागू शकतात. या वेळी घाबरून कळ दाबून बंद करणे हीच चूक अनेकांकडून होते. दहा मिनिटांनंतरही काही न दिसल्यास पट्टी पुन्हा बसवून पाहावी, मग एकेक पट्टी स्वतंत्रपणे तपासावी.

सुरू झाल्यावर एकूण आकडा बरोबर आहे ना, हे पाहणे पुरेसे नाही. सदोष पट्टी दिवसेंदिवस निमूट चालते आणि एखाद्या दिवशी फाइल बिघडवून टाकते. विंडोजमध्ये मेमरी तपासण्याची सोय अंतर्भूत आहे; मेमटेस्ट८६ हा कार्यक्रम अधिक कसून तपासणी करतो. रात्री ही चाचणी लावून ठेवावी आणि सकाळी एकही त्रुटी नोंदली गेलेली नसेल, तरच पट्टी ठेवावी. एक त्रुटी आढळली तरी ती दुकानदाराच्या मुदतीत परत करावी.

काढलेली जुनी पट्टी चिप्सच्या पाकिटासारखी चमकणाऱ्या, स्थिर विद्युतरोधक पिशवीत जपून ठेवावी. लॅपटॉप दुरुस्तीस देण्यापूर्वी किंवा नवी पट्टी बिघडल्यास ती कामी येते आणि चढ्या भावांच्या काळात तिला ग्राहकही मिळतो. डिस्क विकताना जी भीती रास्त असते, ती येथे बाळगण्याचे कारण नाही. वीज तुटल्यानंतर थोड्याच वेळात कप्प्यांतील भार गळून जातो आणि मालकाची कोणतीही माहिती त्या पट्टीत उरत नाही.